युरोपहून परतताना मनात काय होतं? नागपूरकरांनो, लिहा

गेल्या आठवड्यात आम्ही युरोपची ग्रुप टूर करून परत आलो. 12 दिवस, 38 माणसं. मुंबईला उतरून संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस धरली, तेव्हा ग्रुपमधले 9 जण एकाच डब्यात होतो. कसाऱ्याचा घाट चढेपर्यंत सगळे गप्प. मग एका काकूंनी उरलेल्या चिवड्याचा डबा उघडला आणि पार बडनेऱ्यापर्यंत बोलणं थांबलं नाही. त्या रात्री ऐकलेलं हरवू नये, म्हणून हा धागा. आयफेल टॉवरचे फोटो सगळ्यांकडेच आहेत. तुम्ही परतीच्या वाटेवरचं लिहा. आमच्या ग्रुपमध्ये नव्हतात तरीही लिहा.

अजनीहून

चिवड्याचा डबा माझाच. आमचे हे अजनीच्या लोको शेडमध्ये फिटर होते, इलेक्ट्रिक इंजिनांवर. त्यांना जाऊन 4 वर्षं झाली. स्वित्झर्लंडला युंगफ्राउयोखला नेणारी गाडी आयगर डोंगराच्या पोटातून चढते. शेवटचं स्टेशन 3,454 मीटरवर, आणि 1912 साली गाडी तिथवर पोचली होती. पहिल्यापासून विजेवरच चालते. दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी असते, इंजिनाचं चाक तिच्यात अडकत अडकत वर जातं. उतरताना हीच गाडी वीज तयार करून परत तारेत सोडते, हे मला तिथे कळलं. वर बर्फ पाहून मैत्रिणी आनंदाने ओरडत होत्या आणि मी खाली वाकून ती दातेरी पट्टी बघत होते. हे असते तर सगळ्यांना उभं करून समजावून सांगितलं असतं.

सकाळी नागपूर जवळ आलं तशी मी दारापाशी जाऊन उभी राहिले. अजनी शेडची इंजिनं ओळीने दिसली. त्यांना सांगायचं होतं ते सगळं तिथेच मनातल्या मनात सांगितलं.

लक्ष्मीनगरहून

माझा अनुभव छोटा, पण पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल. पॅरिसला लेकीसाठी पर्स घेतली, कर परत मिळण्याचा फॉर्मही भरला. आमचं विमान झुरिकहून होतं. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे फ्रान्समधल्या खरेदीवरचा कस्टमचा शिक्का युनियनची हद्द सोडतानाच घ्यावा लागतो. आमची बस सीमा ओलांडून गेली आणि आम्हाला कुणी सांगितलंच नाही. टूर मॅनेजरला निघण्याआधीच विचारून ठेवा.

मानेवाडा रोडहून

इन्सब्रुकहून व्हेनिसकडे जाताना वाटेत रस्त्यावर वाहनं तुंबली होती. साडेचार तास झाले तसा ड्रायव्हरने हायवेवरच्या पार्किंगमध्ये बस लावली आणि म्हणाला, 45 मिनिटं. पुढे बोटीची वेळ ठरलेली. आमच्यातले लोक चिडले, एकाने तर त्याला 20 युरो देऊ केले. त्याने हसून मान हलवली आणि डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. तिथलं यंत्र किती वेळ गाडी चालवली, किती वेळ थांबवली हे सगळं नोंदवतं. त्या नोंदी तपासल्या जातात आणि नियम मोडला तर दंड होतो. मी मात्र रागावू शकले नाही. माझा धाकटा भाऊ नागपूर-पुणे खासगी बस चालवतो, रात्रीची. त्याला असं 45 मिनिटं कोण थांबू देतं?

परत आलो तेव्हा तोच मला घ्यायला स्टेशनवर आला होता. डोळे लालभडक. पहाटेच पुण्याहून बस घेऊन आला होता, घरी न जाता तसाच गाडी काढून स्टेशनला. मी म्हटलं, "किल्ली दे, गाडी राहू दे इथेच." तो म्हणे, "अगं ताई, दहा मिनिटांचं तर घर आहे." मी ऐकलं नाही. ऑटोने गेलो. घरी पोचेपर्यंत तो माझ्या खांद्यावर झोपला होता.

इंदोऱ्याहून

जय भीम. आमची टूर रोमहून सुरू होऊन लंडनला संपली. शेवटच्या दिवशी अर्धा दिवस मोकळा होता. बाकीचे खरेदीला गेले. मी, बायको आणि आई मेट्रोने चॉक फार्मला उतरलो आणि चालत 10, किंग हेन्रीज रोडला गेलो. 1921-22 मध्ये बाबासाहेब शिकायला होते तेव्हा या घरात राहत. 2015 साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं.

शांत रस्ता, एकाला एक लागून उभी घरं. आईने फाटकाबाहेर चपला काढल्या. मी म्हटलं, थंडी आहे, राहू दे. तिने ऐकलं नाही. तिचे वडील 14 ऑक्टोबर 1956 ला भंडाऱ्याकडून नागपूरला आले होते, दीक्षा घ्यायला. आई तेव्हा दोन वर्षांची, त्यांच्या खांद्यावर. तिला त्यातलं काही आठवत नाही, आणि आजवर तिला त्याचंच वाईट वाटत आलं. आतल्या खोलीत ती बराच वेळ भिंतीला हात लावून उभी होती. मग म्हणाली, "इथं त्यांनी दिवा जाळला, तवा आपल्या घरात उजेड आला."

विमानात ती झोपली नाही. नागपूरला उतरल्यावर घरी जायच्या आधी दीक्षाभूमीला न्यायला सांगितलं. बॅगा गाडीतच होत्या. दुपारचे दोन, फरशी तापलेली. तिथेही तिने चपला बाहेर काढल्या, आणि स्तूपासमोर उभी राहून, बापाला सांगावं तसं, हळू आवाजात बोलली, "बाबा, घर पाहून आले."