मुलाखत शिकवायची कुठून: प्रश्नावलीपासून की गप्पांपासून?

रानवाट:
समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला मी मुलाखत घ्यायला शिकवते. आमच्याकडचा क्रम ठरलेला: आधी छापील प्रश्नावली, मग मोकळी मुलाखत, शेवटी गटचर्चा. हा क्रम उलटा करावा, असं माझं ठाम मत झालंय.

परवा एक विद्यार्थिनी ऊसतोड कामगारांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, गेली होती. प्रश्न होता, कामावर जाताना मुलांना कुठे ठेवता? पर्याय: घरी, अंगणवाडीत, नातेवाइकांकडे, इतर. बाई म्हणाल्या, "धाकटीला फडातच झोपवते, वाढ्याच्या सावलीला. मागं साप निघाला, तवापासून मोठीची शाळा सोडवली, तिच्यापाशी बसाया." पोरीने 'इतर'वर खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला. मी शेजारी बसून हे पाहिलं. फार वाईट वाटलं.

जुना सर्व्हेवाला:
ताई, यात प्रश्नावलीचा काय दोष? 'इतर'पुढे दोन ओळी लिहायच्या असतात, ते तिला कुणी शिकवलं नाही. गडचिरोलीत आणि सिंधुदुर्गात एकच प्रश्न त्याच शब्दांत विचारला नाही, तर उत्तरं एकमेकांशी ताडून बघणार कशी?

दुसरं म्हणजे, शिस्त माणसाला सांभाळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मारहाणीचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला विचारतात, आणि एकांत मिळालाच नाही तर तो भाग सोडून देतात. मोकळ्या गप्पांत सासू दाराशी येऊन उभी राहिली तर तुमची नवखी मुलं काय करतील?

ओवी:
मला रानवाटताईंचं पटतं, पण 'मोकळी' म्हणजे नुसतं समोर बसून बोलणं नव्हे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या 1 लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. सासुरवास कसा होता, असं माझ्या आजीला थेट विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "होतं आपलं बरं." जात्याच्या खुंट्याला हात लागला की मात्र सगळं बाहेर यायचं. मुलांना आधी हे शिकवा: समोरच्याचे हात कामात असताना शेजारी बसायचं. शेंगा फोडू लागायचं, वही पिशवीतच ठेवायची.

जुना सर्व्हेवाला:
दिवसाला ठरलेली घरं करायची असतात हो. शेंगा कधी फोडायच्या?

रानवाट:
दादा, एकांताचा मुद्दा मी विनाअट मान्य करते. सासू आली तर विषय पाऊसपाण्यावर न्यायचा, हा सराव या आठवड्यापासूनच वर्गात घेते. पण 'इतर'पुढच्या दोन ओळी लिहायला आधी ऐकू यावं लागतं. ज्या मुलीचा जीव पुढच्या प्रश्नात अडकलाय, तिच्या कानावर साप पडतच नाही.

जुना सर्व्हेवाला:
ते खरं. तरी क्रम उलटा करू नका. तासाभराचं रेकॉर्डिंग शब्दन् शब्द उतरवायला नवख्याला पाच-सहा तास सहज लागतात. 30 मुलांचं कोण तपासणार?

रानवाट:
मी तपासते. तासाचं नको, दहा मिनिटांचंच. स्वतःचं रेकॉर्डिंग स्वतः उतरवायचं आणि समोरच्याचं बोलणं आपण जिथे जिथे तोडलं तिथे लाल शाईने खूण करायची. त्या विद्यार्थिनीच्या पहिल्याच पानावर नऊ खुणा निघाल्या. शनिवारी ती परत त्या कोपीवर जाणार आहे, मोठीला भेटायला.