मदत हवी आहे: ऑटोक्रॉस चालू ठेवू की ट्रॅक डेला जाऊ?

मंडळी, न्यू जर्सीत राहतो, गाडी २०१९ ची सिव्हिक एसआय, मॅन्युअल, पूर्ण स्टॉक (कंपनीतून आली तशीच), आणि सोमवारी हिच्यानेच ऑफिसला जायचंय. या सीझनला एससीसीएचे (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) तीन ऑटोक्रॉस केले, म्हणजे प्लास्टिकचे ट्रॅफिक कोन मांडून आखलेल्या वाटेवर एकेकाने घड्याळाविरुद्ध गाडी पळवायची. मजा येते पण दिवसभर पार्किंग लॉटमध्ये उन्हात उभं राहून, दुसऱ्यांनी पाडलेले कोन उचलून (वर आपण एक पाडला की दोन सेकंद पेनल्टी) हातात येतात पाच-सहा रन, म्हणजे जेमतेम पाच मिनिटं ड्रायव्हिंग!

आता मिलव्हिलला न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्कचा थंडरबोल्ट हा सव्वादोन मैलाचा रेस ट्रॅक आहे, तिथे ट्रॅक डेला (आपलीच गाडी रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस) बिगिनर ग्रुपमध्ये जायचं मनात आहे. शेजारी इन्स्ट्रक्टर आणि वीस-वीस मिनिटांची चार सेशन्स, हे ऐकूनच हात शिवशिवतायत. पण खर्च ऑटोक्रॉसच्या कितीतरी पट, आणि नेहमीच्या इन्शुरन्सची पॉलिसी वाचली तर ट्रॅकवरचं नुकसान त्यात नाहीच, एका दिवसाचा वेगळा घ्यावा लागेल. तिथे चूक झाली तर कोन नाही, भिंत असते, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

हेल्मेट एसए रेटिंगचं (कार रेसिंगसाठीचं) आहे, ब्रेक फ्लुइड बदलून घेतलंय, ब्रेक पॅड मात्र कंपनीचेच. 'आधी मियाटा (माझदाची छोटी स्पोर्ट्स कार) घे' कृपया सांगू नका, दुसऱ्या गाडीला जागाच नाही.

दोन्ही केलेल्यांनी सांगा, ऑटोक्रॉसमध्ये अजून एक सीझन घातला तर ट्रॅकवर खरंच उपयोग होतो का, की सरळ जावं? आणि या पॅडवर वीस मिनिटांचं सेशन निघेल का?