सागरी पर्यटनाच्या करारात गावाने काय मागावे?

प्रश्न (दिवाळे कोळीवाडा, बेलापूर)
आमच्या महिला बचत गटापुढे एका पर्यटन व्यावसायिकाने प्रस्ताव ठेवला आहे. होड्या आणि तांडेल (होडी चालवणारे) गावाचे, मासळीचे जेवण बायकांनी रांधायचे आणि घारापुरीच्या बाजूची तिवरांची (कांदळवनाची) फेरी त्या व्यावसायिकाने विकायची. दर आणि बुकिंग मात्र त्यांच्याकडेच राहतील. काम मिळेल हे खरे, परंतु यातून गावाच्या हाती काही येईल का?

उत्तर (ठाणे)
ताई, ज्याच्याकडे बुकिंगची वही, त्याचाच धंदा, बाकीचे मजुरीवर. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला स्वतः वल्ही मारतात आणि पर्यटकांना कांदळवनाची माहितीही त्याच देतात. तो गट कोणाकडून शिकला आणि हिशेब कसा ठेवतो, हे प्रत्यक्ष जाऊन विचारावे.

उत्तर (ऐरोली)
फिलिपिन्समधील आपो बेटाचा अनुभव येथे उपयोगी पडेल. 1982 मध्ये सिलिमन विद्यापीठाच्या साहाय्याने तेथील मच्छीमारांनी प्रवाळाचा एक छोटा पट्टा मासेमारीला बंद केला आणि त्याची राखण स्वतःकडे घेतली. पुढे पाण्याखाली उतरणारे पर्यटक येऊ लागले आणि त्यांच्याकडून शुल्क मिळू लागले. 1994 मध्ये बेट राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रांच्या व्यवस्थेत गेल्यावर मात्र त्या शुल्काचा एक भाग केंद्रीय निधीत जाऊ लागला आणि उरलेला सरकारी वाटेने फिरून परत येऊ लागला. म्हणून पैसा प्रथम कोणाच्या खात्यात जमा होणार, हे कलम टक्केवारीच्याही आधी लिहून घ्यावे. घारापुरीचेच पाहा ना: लेण्यांच्या तिकिटाचा पैसा पुरातत्त्व विभागाकडे जातो, परंतु धक्क्याकडून वर जाताना ग्रामपंचायत जी छोटी पावती फाडते, ती रक्कम गावाची.

उत्तर (बेलापूर)
वरील मतांशी मी पूर्ण सहमत नाही. गिऱ्हाईक आणणे हेही कसब आहे, आणि ते गटाकडे आज नसेल तर पहिली दोन वर्षे बुकिंग व्यावसायिकाकडे राहू द्यावे. मात्र वही रोज पाहण्याचा हक्क आणि दर ठरवताना गटाची संमती, या दोन गोष्टी सोडू नयेत. दुसरे असे की मासेमारीसाठी नोंदवलेल्या होडीतून प्रवासी नेण्यास वेगळा परवाना लागतो, शिवाय विमा आणि लाइफ जॅकेट यांचा खर्च आहेच. तो कोणी करायचा, ते करारात असावे. पावसाळ्यात मासेमारीही बंद आणि फेऱ्याही बंद, तेव्हा त्या महिन्यांसाठी किमान रक्कम मागावी.




प्रश्नकर्ती
आभारी आहे. परवान्याचा विषय त्या व्यावसायिकाने काढलाच नव्हता. बैठकीत तोच आधी मांडते.