भावाला हेपटायटिस सी निघाला, सुई अजून सुटलेली नाही. उपचार आत्ताच सुरू करता येतात का?

शहाडची_ताई
नमस्कार. माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा, टेम्पो चालवतो. आधी पन्नीवर गर्द ओढायचा. आता सुई मारतो, हे घरात फार उशिरा कळलं. सारखा थकवा म्हणून रक्त तपासलं तर ॲन्टी-एचसीव्ही रिॲक्टिव्ह आलं. एचआयव्ही निगेटिव्ह आहे. ज्या डॉक्टरांकडे गेलो ते म्हणाले, सहा महिने नशा बंद करून दाखव, मग औषधाचं बघू. तेव्हापासून हा कुणाशी बोलत नाही, रात्रभर जागा असतो. घरात माझी चार वर्षांची मुलगी आहे म्हणून आईने त्याचं ताट-पेला वेगळं केलंय. काका म्हणतात, उचलून केंद्रात टाका. खरंच आधी नशा सुटायला हवी का? कुणाला माहिती असेल तर कृपया सांगा.

सुलभा_परळ
ताई, पहिलं काम म्हणजे ताट-पेला आजच एकत्र करा. हा आजार रक्तातून रक्तात जातो. जेवणातून, शेजारी झोपण्यातून, भाचीला कडेवर घेण्यातून जात नाही. त्याचं दाढीचं ब्लेड, नेलकटर आणि टूथब्रश तेवढा वेगळा ठेवा. जो माणूस आधीच बोलेनासा झालाय, त्याला वेगळं ताट काय सांगतं ते तुम्हाला कळतंच आहे.

मी मुंबईत एका ओएसटी केंद्रावर समुपदेशक आहे. ओएसटी म्हणजे गर्दच्या जागी डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज दिलं जाणारं औषध. आमच्याकडे जिभेखाली ठेवायचं ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे 'बुप', देतात. 'आधी सोड, मग ये' हे वाक्य आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं आणि दरवेळी मला तितकाच त्रास होतो, कारण त्याला आज काही आधार नाही. पूर्वी होता. तेव्हा इंटरफेरॉनची इंजेक्शनं सहा महिने ते वर्षभर चालायची आणि त्यांनीच माणसाला खोल नैराश्य यायचं. त्यामुळे नशा करणारे आणि मनाचे आजार असलेले रुग्ण उपचारातूनही वगळले जायचे, संशोधनातूनही. आता सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविरच्या गोळ्या आहेत. लिव्हर सिरोसिसपर्यंत गेलं नसेल तर १२ आठवडे, आणि शंभरातले पंचाण्णव बरे होतात. सुई चालू असलेल्यांचं काय, हेही तपासून झालंय. २०१८ मध्ये सात देशांतल्या १०३ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळे गेल्या सहा महिन्यांत सुई घेतलेले होते. त्यांना याच जातीच्या गोळ्या दिल्या आणि ९४ टक्के बरे झाले. काही डोस चुकवूनसुद्धा.

पण त्याआधी एक तपासणी राहिलीय. रिॲक्टिव्ह म्हणजे विषाणू कधीतरी शरीरात आला होता, एवढंच. साधारण तिघांतल्या एकाच्या शरीरातून तो आपोआप जातो, तरी ही चाचणी पुढे बहुतेकदा रिॲक्टिव्हच येत राहते. आज विषाणू आहे का, हे व्हायरल लोड सांगेल. सरकारच्या राष्ट्रीय हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २८ जुलै २०१८ पासून ही तपासणी आणि गोळ्या दोन्ही मोफत आहेत. जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात 'हेपटायटिस उपचार केंद्र कुठे आहे' असं विचारा. हेपटायटिस बी पण तपासून घ्या. बी लपून असेल तर सीच्या गोळ्यांनी तो उसळू शकतो.

विचारी_वाचक
माफ करा, पण नशा चालू असताना फुकट गोळ्या द्यायच्या आणि तुमच्यासारख्या लोकांनी नव्या सुयाही वाटायच्या, म्हणजे पोरांना मोकळं रानच. परत लागण होणार नाही कशावरून?

सुलभा_परळ
होऊ शकते. बरं झाल्यावर या विषाणूविरुद्ध प्रतिकारशक्ती राहत नाही आणि त्याची लसही नाही. नव्या सुया त्यासाठीच द्याव्या लागतात. येल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वापरलेल्या सिरिंजमध्ये हा विषाणू ६३ दिवसांपर्यंत जिवंत सापडला होता. पुलाखाली टाकलेली सिरिंज टर्कीने, म्हणजे नशा न मिळाल्याच्या त्रासाने, तळमळणारा मुलगा उचलतो, तेव्हा तो लागणीचा विचार करायच्या स्थितीत नसतो. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, आकडे आहेत: ओएसटी घेणाऱ्यांत सीच्या नव्या लागणीचा धोका निम्मा. सोबत पुरेशा नव्या सुया असतील तर ७४ टक्क्यांनी कमी. शिवाय सुई घ्यायला आलेला माणूस आम्हाला भेटतो, तपासणीला तयार होतो, कधीतरी शेजारी बसून रडतो. न आलेल्याचं काहीच कळत नाही.

पन्नीमुक्त
ताई, मी दहा वर्षं गर्दवर होतो. आता ओएसटीवर आहे, कामाला जातो. सीच्या गोळ्या मी बुप चालू असतानाच घेतल्या. दोन्ही एकत्र चालतात, मला काही झालं नाही. रोज बुप घ्यायला जायचो तिथेच ही गोळीही समोर खायचो, म्हणून चुकली नाही. संपल्यावर तीन महिन्यांनी परत रक्त तपासलं, विषाणू नाही. खरं सांगू, आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी पूर्ण केलं असं वाटलं आणि त्यानंतर बाकीचं जमायला लागलं. भावाला सांगा, माझ्याशी बोलायचं असेल तर इथे निरोप टाक.

शहाडची_ताई
तुम्हा दोघांचे खूप आभार. आईला सुलभाताईंचं उत्तर वाचून दाखवलं, तिने त्याला आमच्यात जेवायला बसवलं. काकांचं काय सांगू? आणि काल तो म्हणाला, 'मी नसलो तर सगळ्यांचं बरं होईल.' हे ऐकल्यापासून मला भीती वाटते.

सुलभा_परळ
भीती बरोबर आहे ताई. ते बोलणं नशेतलं म्हणून सोडू नका. आज त्याला थेट विचारा, 'जीव द्यायचा विचार मनात येतो का?' विचारल्याने विचार वाढत नाही. हो म्हणाला तर एकटं ठेवू नका आणि आजच मानसोपचार विभागात न्या. १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेची, लाइन दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलतात. थकवा आणि उदासी थोडी या विषाणूमुळेही असू शकते, थोडी टर्कीमुळे, थोडी लाजेमुळे. हे वेगळं करत बसण्यापेक्षा तिन्हीवर एकदम उपचार करायचे.

काकांना सांगा, जबरदस्तीने कोंडून नशा तोडली की शरीराची सवय उतरते. मग बाहेर येऊन मुलगा जुन्याच मापाने घेतो आणि श्वास थांबतो. असे मृत्यू केंद्रातून आणि तुरुंगातून सुटल्यावरच्या पहिल्या आठवड्यांत जास्त होतात. त्याला स्वतःहून ओएसटीवर यायला तयार करा. जवळचं केंद्र १०९७ या एचआयव्ही-एड्सच्या सरकारी हेल्पलाइनवर विचारता येईल. पहिल्या डोसच्या आधी टर्की सुरू झालेली असावी लागते, नाहीतर औषधानेच त्रास होतो, म्हणून शेवटचं कधी घेतलं ते खरं सांगायला सांगा.

आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांना सीच्या गोळ्यांबद्दल आठवणीने सांगा. कार्बामाझेपिन त्यांच्याबरोबर चालत नाही. टीबीचं रिफाम्पिसिनही नाही. सगळ्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत ठेवा आणि जिथे जाल तिथे ती न्या.