मदत हवी आहे : ११,११,१११ चे अवयव शोधताना १४ कुठून येतात?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात आठवीला गणित शिकवतो. कापूस वेचणीमुळे वर्गात सध्या पोरं मोजकीच. त्यातल्या एकीनं फळ्यावर ओळीनं सात एक लिहिले अन् विचारलं, "सर, याले कोन्या आकड्यानं भाग जाते?"

२ अन् ५ लगेच बाद. अंकांची बेरीज ७, म्हणून ३ ही नाही. वर्गमूळ १०५४ च्या आसपास, म्हणजे तपासायला एकूण १७७ मूळ संख्या. दारव्ह्याच्या एका निवृत्त सरांनी फोनवर सांगितलं, "१४ च्या पटीत १ मिळवून ज्या मूळ संख्या येतात, तेवढ्याच घ्या." २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११ झाल्या, अन् आठव्या २३९ नं भाग गेला! २३९ × ४६४९ = ११,११,१११. ४६४९ सुद्धा मूळच, आणि तीही १४ × ३३२ + १. पोरगी जाम खूश झाली.

पण १४ च काहून? आठवीच्या पोरांना पटेल असं कारण हवं आहे. "युक्ती आहे, पाठ करा" असं मला त्यांना सांगायचं नाही. अन् एकोणीस एक असतील तर हेच चालेल का?

उत्तर :

सर, फळ्यावर भागाकारच मांडा. १ ला २३९ नं भागा, दर वेळी शून्य उतरवत जा. बाक्या येतील १, १०, १००, ४४, २०१, ९८, २४ आणि परत १. सातांचं चक्र, कारण २३९ नं ९९,९९,९९९ ला पूर्ण भाग जातो. आता यात नसलेली बाकी घ्या, समजा २. तिचंही सातांचंच चक्र, आणि आधीच्या चक्रातली एकही बाकी त्यात येत नाही. असं करत १ ते २३८ या साऱ्या बाक्या पंगतीसारख्या सात-सातच्या ओळींत बसतात. ३४ ओळी, उरत कोणीच नाही. म्हणून भाजकातून १ वजा केला की ७ नं भाग जायलाच हवा. भाजक विषम असल्यानं २ नंही जातो. झाले १४.

चक्र सातापेक्षा लहान का नाही, हे एखादा हुशार पोरगा विचारेलच. ७ मूळ आहे, त्यामुळे चक्र ७ चं किंवा १ चं. १ चं चक्र फक्त ३ ला येतं, तो तुम्ही आधीच बाद केला.

एकोणीस एकांना ३८ ची पट अधिक १ लागू पडते, पण वर्गमूळ १०५ कोटींच्या वर जातं. म्हणजे पावणेतीन कोटींच्या आसपास आकडे तपासायचे, आणि ती संख्या मूळच आहे, भाग कुठंच जाणार नाही. वहीवर त्याच्या नादी लागू नका. त्याऐवजी पोरांना पाच एक द्या. तिथं १० ची पट अधिक १ : ११ नाही, ३१ नाही, ४१ नं जातो.