मदत हवी आहे: सांबा शेअरवरील फाइल उघडते, पण जतन होत नाही
नमस्कार. लातूर येथील आमच्या छोट्या डीटीपी कार्यालयात उबुंटू (लिनक्स) सर्व्हरवर सांबाद्वारे, म्हणजे लिनक्सवरील फोल्डर नेटवर्कवरून विंडोज व मॅकला वापरू देणाऱ्या प्रोग्रॅमद्वारे, एक सामायिक फोल्डर ठेवले असून, त्यावर दोन विंडोज संगणक आणि एक मॅक काम करतात. विंडोजवर तयार झालेली फाइल सर्वांना संपादित करता येते, कारण फोल्डरला २७७५ परवानगी (मालक व गटाला पूर्ण अधिकार; सुरुवातीच्या २ मुळे नव्या फाइलीला फोल्डरचाच गट मिळतो) दिलेली आहे आणि सांबाच्या सेटिंगमध्ये क्रिएट मास्क, म्हणजे नव्या फाइलीच्या परवानग्यांची मर्यादा, ०६६४ (मालक व गट दोघांना लिहिता येते) ठेवला आहे. मात्र थेट सर्व्हरवर बसून तयार केलेली फाइल ६४४ (फक्त मालकाला लिहिता येते) राहते. गट बरोबर येतो, पण गटाला लिहिण्याचा अधिकार मिळत नाही. काल एका लग्नपत्रिकेतील मुहूर्ताची वेळ दुरुस्त करून विंडोजवरून जतन करताना ‘ॲक्सेस डिनाइड’ असा संदेश आला आणि ग्राहक समोरच बसून होते.

सांबाचा मास्क केवळ सांबामार्गे आलेल्या फाइलींना लागतो, एवढे उमगले आहे. सरसकट ७७७ (सर्वांना सर्व अधिकार) देऊन मोकळे होणे मला पटत नाही. तेव्हा सर्व्हरवरील सर्वांचा युमास्क (नव्या फाइलीतून कोणत्या परवानग्या वगळायच्या ते ठरवणारे सेटिंग) ००२ करावा, की सेटएफएसीएल ही आज्ञा वापरून फोल्डरवर डिफॉल्ट एसीएल (आत तयार होणाऱ्या फाइलींना आपोआप लागणारी परवानग्यांची यादी) लावावी? शिवाय त्याच डिस्कवरील दुसऱ्या फोल्डरातून एमव्ही या फाइल हलवण्याच्या आज्ञेने हलवलेली फाइल जुना गट व जुन्या परवानग्या घेऊनच येते. तिच्यासाठी आपण काय करता?