कादंबऱ्यांच्या पलीकडे
इतिहास आणि प्राणी या विषयांवरची मराठी पुस्तकं सुचवा, असं इथे विचारलंय; त्यात इतिहासासाठी बहुतेकांनी कादंबऱ्याच सुचवल्यात. मी आग्रहाने सांगेन, आधी गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' वाचा. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक दक्षिणा मिळेल या आशेने उत्तर भारतात गेला आणि १८५७च्या धामधुमीत सापडला. झाशीचा वेढा, नंतरची लूट त्याने शहरात राहून पाहिली. भीती, तहान-भूक, पुन्हा देवदर्शनाची ओढ, सगळं साध्या बोलीत! छापून आलं ते १९०७ साली.

प्राण्यांसाठी प्रकाश आमट्यांचं 'रानमित्र'. गडचिरोलीतल्या हेमलकशाला सांभाळलेल्या वन्यप्राण्यांचे अनुभव आहेत.

ठाण्यात राहत असाल तर १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. विकत घेण्याआधी तिथे जरूर चौकशी करा.